गोलकृमी: दाबाने भरलेली नळी – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेत प्राण्यांचे वर्गीकरण शिकवताना गोलकृमींच्या वाट्याला जेमतेम एक तास येतो. आभासी देहगुहा, द्विपार्श्व सममिती, एकलिंगी अशी लक्षणे फळ्यावर लिहिली की पुढचा संघ सुरू. पण त्या तासानंतर मुले जे विचारतात, पालकसभेत आया जे हळू आवाजात विचारतात आणि गावाकडचे बागायतदार फोनवर जे विचारतात, ते सगळे त्या लक्षणांच्या पलीकडचे असते. गेली अनेक वर्षे मी या प्रश्नांची उत्तरे देत आलो आहे. ती इथे एकत्र लिहितो आहे. माझा आग्रह एकच आहे: हा प्राणी म्हणजे चिवट कातडीत दाबून भरलेली पाण्याची नळी आहे, हे आधी मनात बसवा. त्याचे चालणे, खाणे, अंडी घालणे, सगळे त्या दाबाशी येऊन भिडते.

गोलकृमी, सूत्रकृमी आणि जंत हे एकच का?

गोलकृमी हा शाळेच्या पुस्तकातला शब्द, सूत्रकृमी शेतीतला. दोन्हींचा अर्थ एकच. शेतकरी आता सरळ ‘निमॅटोड’ म्हणतात. ‘जंत’ हा घरातला शब्द मात्र सैल आहे. पोटातून पडलेला कोणताही किडा म्हणजे जंत, मग तो गोलकृमी असो की फितीसारखा पट्टकृमी. शिवाय बहुतेक गोलकृमींचा आपल्या पोटाशी काही संबंध नाही. ते मातीत, नदीच्या गाळात, समुद्रतळाशी जीवाणू, बुरशी किंवा एकमेकांना खाऊन जगतात. आजवर २५,००० हून अधिक जातींना नावे मिळाली आहेत आणि नाव न मिळालेल्या त्याहून कितीतरी जास्त असाव्यात. २०१९ मध्ये जगभरच्या मातीच्या नमुन्यांवरून एक अंदाज बांधला गेला. त्यानुसार मातीच्या वरच्या थरातच सुमारे ४.४ गुणिले १० चा २० वा घात इतके सूत्रकृमी आहेत. पृथ्वीवर मोजायला बसलो तर दर पाच प्राण्यांमागे सुमारे चार हेच निघतील.

गांडूळ आणि पट्टकृमी यांच्यापासून हा वेगळा कसा ओळखायचा?

गांडुळाच्या अंगावर कड्या असतात, याचे अंग गुळगुळीत असते. पट्टकृमी चपटा आणि तुकड्यातुकड्यांचा असतो, हा दोन्ही टोकांना निमुळता आणि आडवा कापला तर गोल. गांडूळ लांबतो, आखडतो, जाड होतो, बारीक होतो. गोलकृमीला हे जमत नाही, तो फक्त वळवळतो. का जमत नाही, ते पुढे येईल.

त्याच्या शरीरात आतून काय काय असते?

नळीत नळी. बाहेरची नळी म्हणजे शरीराची भिंत, आतली म्हणजे पचननलिका. दोन्हींच्या मध्ये द्रवाने भरलेली पोकळी. या पोकळीला सगळ्या बाजूंनी मध्यस्तराचे, म्हणजे गर्भातल्या मधल्या पेशीथरापासून बनलेले, अस्तर नसते, म्हणून तिला आभासी देहगुहा म्हणतात. ‘आभासी’ या शब्दाने मुलांची फसगत होते. त्यांना वाटते, पोकळी नसतेच. पोकळी अगदी खरी असते, फक्त तिच्या अस्तराचा प्रकार वेगळा.

बाहेरची भिंत तीन थरांची. सर्वांत वर उपत्वचा, तिच्याखाली ती तयार करणाऱ्या पेशींचा थर आणि आत स्नायू. उपत्वचा मुख्यतः कोलॅजेनची असते. आपल्या कातडीत आणि कंडरांमध्ये असते त्याच घराण्यातले हे प्रथिन. पोटातल्या मोठ्या जंतात, म्हणजे अ‍ॅस्कॅरिसमध्ये, या उपत्वचेत तंतूंचे थर असतात आणि ते एकमेकांना तिरके छेदत अंगाभोवती मळसूत्रासारखे फिरलेले असतात. विणलेल्या पाइपसारखी ही रचना आहे: आतून कितीही दाब आला तरी फुटत नाही, पण वाकते.

आणि दाब खरोखर असतो. १९५७ मध्ये हॅरिस आणि क्रॉफ्टन या दोघांनी अ‍ॅस्कॅरिसच्या शरीरातला दाब मोजला. तो सरासरी पाऱ्याच्या ७० मिलिमीटरच्या आसपास निघाला आणि हालचाल करताना त्याच्या कितीतरी वर गेला. डॉक्टर दंडाला पट्टा बांधून आपला रक्तदाब मोजतात, त्याच मापात हा आकडा आहे. हृदय नसलेला, हाड नसलेला किडा नुसत्या कातडीच्या ताणावर एवढा दाब सांभाळतो. बारावीत असताना प्रयोगशाळेत जंत चिरून टाचण्यांनी पसरवला होता, तेव्हा मेलेल्या, मऊ पडलेल्या त्या नळीकडे पाहून मला यातले काहीच कळले नव्हते. फॉर्मलिनमधल्या जंतात दाब उरत नाही, आणि दाबाशिवाय तो समजत नाही.

हाडे नाहीत, पाय नाहीत, मग तो हलतो कसा?

गांडुळाला दोन प्रकारचे स्नायू असतात: लांबीला धरून जाणारे आणि अंगाभोवती कड्यासारखे. गोलकृमीला फक्त लांबीचे. नुसते लांबीचे स्नायू आखडले तर प्राणी आखूड होऊन तसाच पडून राहायला हवा. त्याला पुन्हा ताणणार कोण? इथे दाब कामाला येतो. सायकलची फुगवलेली ट्यूब एका बाजूने दाबा, सोडली की ती पुन्हा पहिल्यासारखी होते. गोलकृमीत एका बाजूचे स्नायू आखडतात, अंग त्या बाजूला वाकते, आतला द्रव आणि ताणलेली उपत्वचा त्याला परत सरळ करतात. मग दुसरी बाजू. अशी लाट डोक्यापासून शेपटीपर्यंत जाते.

ही वाकण्याची क्रिया पाठ आणि पोट या दिशांना होते, डावी-उजवीकडे नाही. त्यामुळे सपाट जागेवर सरपटताना गोलकृमी कुशीवर पडलेला असतो. सूक्ष्मदर्शकाखाली त्याची नागमोडी चाल पाहून सापाची आठवण होते, पण साप पोटावर चालतो आणि हा कुशीवर.

त्याच्या स्नायूंबद्दल काहीतरी उलटे असते म्हणतात, ते काय?

आपल्या शरीरात चेतापेशीचा तंतू निघतो आणि स्नायूपर्यंत पोहोचतो. गोलकृमीत स्नायूपेशीच हात लांब करून चेतारज्जूपर्यंत जाते आणि तिथून आज्ञा घेते. मी हे शिकवताना दरवेळी थांबतो, कारण प्राणिसृष्टीत असे क्वचितच आढळते. मुख्य चेतारज्जू दोन, एक पाठीकडून आणि एक पोटाकडून. ग्रसनीभोवती, म्हणजे घशाभोवती, चेतापेशींचे एक कडे, तोच त्याचा मेंदू. डोक्याच्या दोन बाजूंना वास आणि चव ओळखणारे सूक्ष्म खड्डे असतात. बहुतेकांना डोळे नसतात.

तो खातो कसा? आणि श्वास?

दाबाची दुसरी बाजू इथे दिसते. भोवती एवढा दाब असताना आतड्याची पातळ नळी चेपून बंदच राहणार. तिला स्वतःचे स्नायूही नाहीत, जेमतेम एका पेशीच्या जाडीची ती भिंत. म्हणून तोंडामागे ग्रसनी नावाचा जाड स्नायूंचा पंप असतो. त्याची पोकळी तीन कोनांची असते. स्नायू आखडले की पोकळी उघडते आणि अन्न आत ओढले जाते, सैल पडले की ती मिटते आणि अन्न दाबाविरुद्ध आतड्यात ढकलले जाते. बाहेर टाकण्यासाठी मात्र काही कष्ट नाहीत: शेपटीजवळचा एक स्नायू गुदद्वार उघडतो, बाकीचे काम दाब करतो.

फुप्फुसे, कल्ले, हृदय, रक्तवाहिन्या यांपैकी काहीच नाही. ऑक्सिजन कातडीतून आत येतो. अंग बारीक असल्याने तेवढे पुरते.

गोलकृमी कात टाकतो का?

हो, आयुष्यात चार वेळा. अळी चार वेळा उपत्वचा बदलते आणि पाचव्या अवस्थेत प्रौढ होते. जनुकांची तुलना करून १९९७ पासून गोलकृमींना कीटक, खेकडे, कोळी यांच्या मोठ्या गटात धरले जाते आणि या गुणावरूनच त्या गटाचे नाव पडले: कात टाकणारे प्राणी. पण एक फरक ध्यानात असू द्या. कीटक शेवटची कात टाकल्यावर वाढत नाही. अ‍ॅस्कॅरिसची खरी वाढ शेवटच्या कातेनंतरच होते, काही मिलिमीटरांचा किडा वीत-दीड वीत लांब होतो आणि त्याची उपत्वचा त्याच्याबरोबर वाढत जाते.

नर-मादी ओळखता येतात का? जंताची मादी खरेच लाखांनी अंडी घालते?

अ‍ॅस्कॅरिसमध्ये अगदी सहज. मादी मोठी, २० ते ३५ सेंटिमीटर, शेपूट सरळ. नर लहान आणि त्याची शेपूट पोटाकडे आकड्यासारखी वळलेली. अंड्यांबद्दल जे ऐकले ते खरे आहे: एक मादी दिवसाला सुमारे दोन लाख अंडी घालते. ही अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, पण लगेच बाधत नाहीत. ओल आणि ऊब मिळाली तर त्यांच्यात बाधा करण्याजोगी अळी तयार व्हायला दोन ते चार आठवडे लागतात. कवच इतके पक्के असते की सोयीच्या मातीत ती काही वर्षे टिकतात.

गोलकृमींच्या शुक्रपेशीला शेपूट नसते. ती पोहत नाही, अमीबासारखी सरपटते. गोलकृमीच्या अंगात पोहणारी शेपूट किंवा हलणारे केस कुठेच सापडत नाहीत.

आतड्यात राहून तो पचून का जात नाही? वाहून का जात नाही?

उपत्वचा आपल्या पाचकरसांना दाद देत नाही, आणि वर त्या रसांना निकामी करणारे पदार्थ जंत स्वतः तयार करतो. अ‍ॅस्कॅरिसला चिकटून राहायला आकडे किंवा चूषक नसतात. आतडे अन्न पुढे ढकलत असते आणि हा त्या ओघाविरुद्ध सतत पोहत जागा धरून राहतो. तो पोकळीतले अन्न खातो, रक्त पीत नाही. रक्त पितो तो अंकुशकृमी, जेमतेम एक सेंटिमीटर लांब. त्याची अळी मातीतून अनवाणी पायाच्या कातडीत शिरते. पंडुरोगाचे ते एक मोठे कारण आहे. म्हणून शेतात, परसाकडे जाताना पायात चप्पल असावी ही जुनी सूचना अक्षरशः खरी आहे.

पोटातला जंत फुप्फुसात कशाला जातो?

या प्रश्नाचे पूर्ण उत्तर अजून वादाचे आहे, मार्ग मात्र पक्का माहीत आहे. गिळलेले अंडे लहान आतड्यात फुटते. अळी आतड्याची भिंत भेदून रक्तात शिरते, यकृतातून हृदयात आणि तिथून फुप्फुसात पोहोचते. तिथे दहा-पंधरा दिवस वाढते, वायुकोश फोडून श्वासनलिकेने वर घशाशी येते आणि पुन्हा गिळली जाते. म्हणजे ती निघाली होती त्याच आतड्यात परत येते. पहिले अंडे बाहेर पडेपर्यंत दोन-तीन महिने गेलेले असतात. जंत झालेल्या मुलाला सुरुवातीला कोरडा खोकला येतो, तो या प्रवासामुळे.

१९२२ मध्ये कोइनो नावाच्या जपानी डॉक्टरने हे सिद्ध करण्यासाठी स्वतः २,००० अंडी गिळली. तो बराच आजारी पडला आणि त्याच्या थुंकीत अळ्या सापडल्या. पुस्तकातल्या एका बाणाच्या आकृतीमागे असा एक माणूस उभा आहे, हे मला मुलांना सांगावेसे वाटते.

गोड खाल्ल्याने जंत होतात का? दात खाणे, गालावर पांढरे चट्टे ही लक्षणे आहेत का?

नाही. गुळाच्या खड्यातून जंत तयार होत नाहीत. अंडी पोटात गेल्याशिवाय किंवा अळी कातडीतून शिरल्याशिवाय जंत होत नाहीत. मातीत खेळलेला हात न धुता तोंडात गेला, पालेभाजी नीट धुतली नाही, तर धोका खरा. झोपेत दात खाणाऱ्या आणि गालावर फिकट चट्टे असलेल्या कितीतरी मुलांच्या पोटात एकही जंत नसतो. चट्टे बहुधा कोरड्या त्वचेचे असतात. आज्या ‘जंत झालेत’ म्हणून वावडिंग उगाळून देत. त्यामागची माया मला ठाऊक आहे, पण त्या भरवशावर गोळी टाळू नका.

एक लक्षण मात्र आईने सांगितले तर मी लगेच ऐकतो: मूल रात्री गुदाशी खाजवते. दोऱ्याच्या तुकड्याएवढे पांढरे बारीक जंत रात्री तिथे अंडी घालायला बाहेर येतात. स्वच्छ घरातही ते होतात, त्यात लाजण्यासारखे काही नाही. अंडी नखांतून, चादरींतून पसरतात, म्हणून डॉक्टर सहसा सगळ्या घराला औषध देतात आणि दोन आठवड्यांनी पुन्हा देतात.

शाळेत जंताची गोळी देतात, ती काय करते?

राष्ट्रीय जंतनाशक दिनाची सुरुवात २०१५ मध्ये झाली. १ ते १९ वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी चावून खायला देतात. एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी, चुरून. जंताच्या पेशींत सूक्ष्म नळ्यांचा सांगाडा असतो, तो ज्या प्रथिनाचा बनतो त्याला हे औषध घट्ट चिकटते. सांगाडा कोसळतो, जंताला साखर शोषून घेता येत नाही आणि तो काही दिवसांत उपासमारीने मरतो. आपल्याही पेशींत तसे प्रथिन आहे, पण औषध त्याला फार कमी चिकटते आणि आतड्यातून रक्तातही थोडेच उतरते. गोळी मातीतली अंडी मारू शकत नाही, म्हणून ती पुन्हा पुन्हा घ्यावी लागते. मूल त्या दिवशी आजारी असेल तर तसे शिक्षकांना आधी सांगा.

हत्तीरोगासाठी रक्त रात्रीच का घेतात?

विदर्भात अनेकांनी हे पाहिले आहे: आरोग्य कर्मचारी रात्री घरी येऊन बोटाला टोचतात. हत्तीरोगाचे प्रौढ कृमी लसीकावाहिन्यांत (अंगात झिरपलेला द्रव रक्तात परत नेणाऱ्या नळ्यांत) गुंतून राहतात आणि त्यांची सूक्ष्म पिल्ले रक्तात फिरतात. दिवसा ही पिल्ले मुख्यतः फुप्फुसांतल्या केशवाहिन्यांत थांबतात आणि रात्री साधारण दहा ते दोनच्या दरम्यान हातापायांच्या रक्तात येतात. सांडपाण्यात वाढणारा क्युलेक्स डास नेमका तेव्हाच चावतो. पॅट्रिक मॅन्सनने १८७७ मध्ये चीनमधल्या अमॉय बंदरात या पिल्लांची वाढ डासात होते हे दाखवले. डास रोगाचा वाहक असू शकतो हे तेव्हा प्रथमच समोर आले. पाय सुजेपर्यंत वाहिन्यांचे जे नुकसान झालेले असते ते गोळ्यांनी भरून येत नाही. सामुदायिक मोहिमेतल्या गोळ्या निरोगी वाटणाऱ्या माणसानेही खाव्यात असे सांगतात ते यामुळे.

नारू आता होतो का?

भारतात नाही. शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात आढळला आणि फेब्रुवारी २००० मध्ये देश नारूमुक्त जाहीर झाला. वयस्कर मंडळींना पायातून काडीला गुंडाळत काढलेला, हात-दीड हात लांबीचा पांढरा दोरा आठवत असेल. तोही गोलकृमीच, त्याची मादी. तिला एका ओढीत काढता येत नसे. तुटली तर जखम चिघळे, म्हणून रोज थोडे थोडे. ना लस, ना खात्रीचे औषध. पायऱ्यांच्या विहिरी बंद करून आणि पाणी कापडाने गाळून हा रोग घालवला गेला. मला याचा फार अभिमान वाटतो.

डाळिंबाच्या, टोमॅटोच्या मुळांवर गाठी आल्या आहेत. निमॅटोडच का?

बहुधा. पण कडधान्याच्या मुळांवर नत्राच्या गाठी असतात, त्यांत गल्लत करू नका. नत्राची गाठ मुळाच्या कडेला लटकलेली असते, बोटाने सहज सुटते आणि फोडली तर आत गुलाबी असते. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच फुगलेले असते, ती सुटत नाही.

या कृमीच्या तोंडात पोकळ सुई असते. अळी मुळात शिरून ती सुई पेशींना टोचते आणि लाळ सोडते. त्या पेशी अनेक केंद्रकांच्या, अवाढव्य होतात आणि झाडाचे अन्न त्यांच्यात ओतले जाते. मादी तिथेच बसते आणि फुगून नासपतीच्या आकाराची होते. चिकट पिशवीत काहीशे अंडी घालते. वरून झाड पिवळे, खुरटे, भर दुपारी माना टाकणारे दिसते आणि शेतकरी खत-पाणी वाढवत राहतो. याची सुरुवात अनेकदा रोपवाटिकेतल्या पिशवीतून होते. रोप घेताना एक पिशवी फाडून मूळ धुऊन पाहा, हा माझा प्रत्येकाला सल्ला. निंबोळी पेंड, झेंडूची लागवड, उन्हाळ्यात माती तापवणे आणि सूत्रकृमींवर वाढणाऱ्या बुरशीचा वापर यांनी संख्या आटोक्यात राहते. एकदा जमिनीत आले की समूळ जात नाहीत.

उलट बाजूही आहे. काही सूत्रकृमी आपल्या पोटात जीवाणू घेऊन फिरतात, हुमणीसारख्या अळीत शिरतात आणि ते जीवाणू सोडून तिला मारतात. उसातल्या हुमणीसाठी असे मित्र सूत्रकृमी वापरले जातात.

एका मिलिमीटरच्या किड्याला इतकी नोबेल कशी मिळाली?

सिडनी ब्रेनरने १९६३ मध्ये सी. एलिगन्स या मातीतल्या गोलकृमीची निवड केली. तो पारदर्शक असतो, तीनेक दिवसांत प्रौढ होतो आणि बशीत जीवाणूंवर वाढतो. त्याच्या प्रौढ उभयलिंगी शरीरात, जननपेशी सोडल्या तर, नेमक्या ९५९ पेशी असतात. दरवेळी, प्रत्येकात तेवढ्याच. जॉन सल्स्टनने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून एका अंड्यापासून प्रत्येक पेशी कोणापासून जन्मली याची वंशावळ उतरवली. त्यात कळले की वाढताना १३१ पेशी ठरल्या वेळी मरतात. पेशींचा असा नियोजित मृत्यू आणि अवयवांची घडण यांच्या जनुकांसाठी ब्रेनर, सल्स्टन आणि हॉर्विट्झ यांना २००२ चे नोबेल मिळाले. त्याच्या ३०२ चेतापेशींच्या जोडण्यांचा नकाशा १९८६ मध्ये छापला गेला आणि १९९८ मध्ये त्याचा जनुकसंच वाचला गेला, बहुपेशीय प्राण्यांत सर्वांत आधी. २००६ आणि २०२४ ची वैद्यकातली नोबेलही याच किड्यावरच्या कामातून आली.

सर्वांत मोठा कोणता आणि सर्वांत चिवट कोणता?

मोठा: स्पर्म व्हेल देवमाशाच्या वारेत सापडलेला, मादीची लांबी आठ मीटरहून अधिक. चिवट: सायबेरियाच्या गोठलेल्या जमिनीतून काढलेले गोलकृमी वितळल्यावर हलू लागले आणि त्यांना पिल्लेही झाली. २०२३ मध्ये त्या मातीचे वय सुमारे ४६,००० वर्षे ठरवण्यात आले.

जिवंत गोलकृमी शाळेत पाहता येईल का?

येईल, आणि खर्च जवळपास नाही. फनेलच्या नळीला रबराची नळी लावा आणि तिला चिमटा घाला. फनेल पाण्याने भरा. कुंडीतली किंवा झाडाखालची दोन चमचे ओली माती टिश्यू पेपरात किंवा पातळ फडक्यात बांधून पाण्यात अर्धी बुडेल अशी ठेवा. रात्रभर तसेच राहू द्या. सकाळी चिमटा सैल करून पहिले काही थेंब काचपट्टीवर घ्या. बेअरमनने १९१७ मध्ये ही रीत काढली. गोलकृमी मातीतून पाण्यात येतात, पण नुसत्या वळवळीने त्यांना पाण्यात वर पोहता येत नाही. म्हणून ते बुडून नळीच्या तळाशी जमतात. त्यांना फक्त लांबीचेच स्नायू असल्याचा पुरावा असा थेंबात उतरतो. सूक्ष्मदर्शकाचे सर्वांत लहान भिंग पुरते. आधी काचेसारखा एक केस दिसेल, मग तो अचानक वाकेल. भिंग बदलून घशाकडे पाहा: तिथे पंप चालू असतो. नंतर हात साबणाने धुवा.